आधी डाग बघा, मग मस्कारा घ्या

रत्नागिरीत मे महिन्यातलं लग्न म्हणजे सकाळी नऊलाच हवा इतकी दमट की लावलेली पावडर हाताखालीच ओली होते. त्यात होमाचा धूर, दुपारची जेवणं, आणि संध्याकाळी पाठवणी. गेली चौदा वर्षं मी इथे नवरीचा मेकअप करते. लिपस्टिक फिकी पडली तर पुन्हा लावता येते, पण मस्कारा उतरला की डोळ्यांखालचा सगळा मेकअप घेऊन जातो. म्हणून मुली ट्रायलला आल्या की माझा सगळ्यात जास्त वेळ पापण्यांवर जातो.

सुरुवातीच्या वर्षांतली एक नवरी मला अजून आठवते. मी तिला वॉटरप्रूफ मस्कारा लावला होता, डोळ्यांत काजळ भरलं होतं. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि माझं लक्ष गेलं तर तिच्या दोन्ही डोळ्यांखाली काळ्या कमानी उमटलेल्या. ती तोवर रडलीही नव्हती. मुंडावळ्या सांभाळत मी तिथेच कापसाने टिपलं, पण फोटोंत ते डाग राहिलेच. मला फार वाईट वाटलं. चूक मस्काऱ्याची नव्हती, निवड माझी चुकली होती. तिची त्वचा तेलकट, वरून मी डोळ्यांखाली दाट क्रीम लावलेलं, आणि काजळही तेल-मेणाचंच. वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याने न विरघळणारा. त्यातलं मेण तेलाने मात्र मऊ होतं. लग्नानंतर आपण तोच मस्कारा खोबरेल तेलाने काढतो ना? मग तेलकट पापणीवर तो आपोआप सुटू लागणारच.

तेव्हापासून दुकानात नेण्याआधी मी प्रत्येकीला एकच गोष्ट करायला सांगते. घरात आहे तो मस्कारा एखाद्या साध्या दिवशी लावा, कामं करा, सहा-सात तासांनी खिडकीच्या उजेडात आरसा धरा. डोळ्यांखाली कोरडे काळे कण पडले असतील तर मस्कारा जुना झालाय किंवा थर फार दिलेत. पापणीच्या वर, भुवईखाली, छोट्या रेघा छापल्या गेल्या असतील किंवा खाली राखाडी सावली पसरली असेल तर तुमची अडचण तेलाची. आणि घाम आल्यावर किंवा तोंडावर पाणी मारल्यावर काळे ओघळ आले तर अडचण पाण्याची. हे तीन प्रकार वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

कणांसाठी नवी ट्यूब आणि कमी थर, बास. पाण्यासाठी वॉटरप्रूफ. तेलासाठी ट्यूबिंग मस्कारा घ्या. हा अजून आपल्याकडे फार जणींना माहीत नाही. तो मेणासारखा केसावर बसत नाही, प्रत्येक केसाभोवती त्याचं पातळ आवरण तयार होतं. तेलाने ते पसरत नाही. काढताना कोमट पाण्यात भिजवलेला कापूस थोडा वेळ धरला की बारीक काळ्या नळ्या निघून हातावर येतात. पहिल्यांदा बघणाऱ्या मुली घाबरतात, पापण्यांचे केसच गळाले असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. लेबलवर ट्यूबिंग लिहिलेलं नसलं तरी ‘कोमट पाण्याने निघतो’ अशा अर्थाची ओळ असेल तर तो बहुधा याच जातीचा.

मग सगळ्यांनी ट्यूबिंगच का घेऊ नये? कारण आपल्याकडे खूप जणींच्या पापण्या सरळ आणि खाली झुकलेल्या असतात. अशा पापण्यांना कर्लरने, म्हणजे पापण्या वर वळवायच्या चिमट्याने, दिलेला बाक वॉटरप्रूफ जितका धरून ठेवतो तितका बाकीचे धरत नाहीत. साध्या मस्काऱ्यात पाणी असतं, त्या ओलाव्याने बाक सैल पडतो, आणि तासाभरात पापणी होती तिथेच येते. म्हणून पापण्या सरळ आणि त्वचा कोरडी असेल तर डोळे मिटून वॉटरप्रूफ घ्या. पापण्या सरळ पण त्वचा तेलकट असेल तर मी वरच्या पापणीला वॉटरप्रूफचा एकच पातळ थर देते, डोळ्यांखाली क्रीम अगदी थेंबभर आणि त्यावर पावडर, आणि खालच्या पापण्या कोऱ्या सोडते.

ब्रशकडेही बघा, ट्यूबच्या रंगाकडे नको. पापण्या विरळ आणि बारीक असतील तर दाट केसांचा जाड ब्रश त्या भरून काढतो. दाट असतील तर प्लॅस्टिकच्या सुट्या दातांचा ब्रश, तो फणीसारखा केस वेगळे करतो. आखूड पापण्यांना मात्र बारीक ब्रशच हवा. जाड ब्रशने मुळापर्यंत पोचताच येत नाही, सगळा रंग पापणीच्या कातडीला लागतो. महागाचाच हवा असं मुळीच नाही, माझ्या पेटीतले दोन सगळ्यात भरवशाचे मस्कारे मोठ्या कंपन्यांचे नाहीत.

आता लावायचं कसं. आधी कर्लर, मस्कारा नंतर. मस्कारा लावलेल्या पापण्या कर्लरमध्ये दाबल्या तर त्या रबराला चिकटतात आणि केस तुटतात. कर्लर मुळाशी धरा, कातडी अडकली नाही ना ते बघा, पाच-सहा सेकंद हलका दाब द्या, मग मध्यावर आणून पुन्हा एकदा. एकाच जागी जोरात दाबलं तर पापणीला काटकोन पडतो आणि तो जवळून विचित्र दिसतो.

आरसा समोर नाही, हनुवटीच्या खाली धरायचा. मान वर, नजर खाली आरशात. असं केलं की वरची पापणी आपोआप ताणली जाते आणि मुळं उघडी पडतात. ब्रश ट्यूबमध्ये खालीवर करू नका, त्याने आत हवा जाते आणि मस्कारा लवकर सुकतो. फिरवत बाहेर काढा, टोकावरचा गोळा ट्यूबच्या तोंडाला किंवा टिश्यूला पुसा. ब्रश जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे.

तो मुळाशी टेकवा आणि तिथेच डावीकडे-उजवीकडे बारीक हलवा, अगदी दोन-तीन मिलिमीटर. मग श्वास सोडता सोडता सरळ वर ओढा. बहुतेकजणी नेमकं उलटं करतात: मुळं कोरडी, शेंड्यांवर काळे मणी. शेंडा जड झाला की पापणी खाली झुकते, आणि डोळे मोठे दिसण्याऐवजी झोपाळू दिसतात. मुळाशी रंग असला तर काजळाची रेघ न ओढताही डोळ्याची कड उठून दिसते. शेंड्याला वर जाता जाता जेवढं लागेल तेवढं पुरे.

दुसरा थर पहिला थोडा चिकट असतानाच द्या. पूर्ण वाळल्यावर दिला तर गुठळ्या होतात. मी मध्ये एक कोरडा, स्वच्छ ब्रश फिरवते, जुन्या मस्काऱ्याचा धुऊन ठेवलेलाही चालतो. चुकून पापणीवर डाग पडलाच तर लगेच पुसू नका, पसरेल. वाळू द्या, मग कोरड्या इअरबडने खरवडला की तुकडा होऊन निघतो. हात थरथरत असेल तर चहाचा छोटा चमचा पापणीवर टेकवून धरा, रंग चमच्याला लागेल.

कुठे किती लावायचं ते तुमच्या डोळ्यांवर आणि नेसण्यावर ठरतं. नऊवारी, नथ, चंद्रकोर असा साज असेल तेव्हा चेहऱ्यावर आधीच खूप काही असतं. तिथे मी एकच थर देते, प्रत्येक केस सुटा. रिसेप्शनला बाहेरच्या कोपऱ्यात दुसरा थर, त्याने डोळे लांबट दिसतात. डोळे लहान वाटत असतील तर तो थर मध्यभागी द्या. हळदीला मी गडद तपकिरी लावते, सकाळच्या उन्हात काळा रंग फार कडक दिसतो. नवरीच्या आईलाही तपकिरीच. वयानुसार पापण्या विरळ होतात, खालच्यांना काळं लावलं की चेहरा थकलेला वाटतो, म्हणून फक्त वरच्या बाहेरच्या अर्ध्याला.

चष्मा असेल तर लांबी वाढवणारा मस्कारा घेऊ नका, काचेला घासून तिथेच ठिपके पडतात. बाक नीट द्या. उणे नंबराच्या काचेत डोळे लहान दिसतात, तिथे दोन थर शोभतात. अधिक नंबराच्या काचेत सगळं मोठं दिसतं, गुठळीसुद्धा, तिथे एकच. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स घाला आणि मग मेकअप. रात्री आधी लेन्स काढा आणि मग मेकअप उतरवा. तंतू असलेला मस्कारा लेन्सवाल्यांनी टाळावा.

काजळ सोडायला सांगत नाही, आपल्याकडे काजळाशिवाय सजणं पूर्ण होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण डोळ्यांत काजळ असेल तर खालच्या पापणीला मस्कारा लावू नका. त्या नवरीच्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं.

रात्री कितीही दमलात तरी मस्कारा काढूनच झोपा. वॉटरप्रूफसाठी कापसावर खोबरेल तेल घ्या, मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसतं धरून ठेवा, मग खालच्या दिशेने पुसा. तेल डोळ्यात जाऊ देऊ नका. चोळायचं नाही, चोळण्याने केस गळतात. नंतर चेहरा फेसवॉशने धुवा.

शेवटचं, आणि यात मी कोणाचंच ऐकत नाही. उघडलेली ट्यूब तीन महिन्यांनी टाकायची, अर्धी भरलेली असली तरी. डोळ्याला लागलेला ब्रश रोज त्याच ओल्या, अंधाऱ्या ट्यूबमध्ये जातो आणि जंतूंना तेवढं पुरतं. सुकली म्हणून पाणी किंवा थुंकी घालू नका. डोळे आले तर त्या दिवसांत वापरलेली ट्यूब लगेच फेका. आणि बहीण असो, जाऊ असो, मैत्रीण असो, आपला मस्कारा कोणाला द्यायचा नाही, कोणाचा घ्यायचा नाही. तुमच्या लग्नाला मेकअपवाली येईल तेव्हा ती प्रत्येकीसाठी नवा वापरून टाकायचा ब्रश काढते का ते बघा. काढत नसेल तर सरळ सांगा, ताई, माझ्यासाठी वेगळा घ्या. मी उघडलेल्या प्रत्येक ट्यूबच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहिते. नवी ट्यूब आणाल तेव्हा झाकण उघडण्याआधी ते करा.