अर्पणाची शिस्त बिघडते कुठे? या चुका टाळा

ग्रीसमधील करिंथ शहराच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने, यरुशलेममधील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्याचे काम मोठ्या उत्सुकतेने हाती घेतले होते, पण वर्ष होत आले तरी ते पुरे झाले नव्हते. म्हणून प्रेषित पौलाला त्या मंडळीला लिहिलेल्या आपल्या दुसऱ्या पत्राचे ८ आणि ९ हे दोन अध्याय याच विषयावर लिहावे लागले. आपलीही पहिली चूक बहुधा हीच असते. प्रवचन ऐकून मन भरून येते, त्या भरात आपण मोठा आकडा बोलून जातो आणि पुढच्या महिन्यात काहीच देत नाही. मंडळीचे सेवाकार्य मात्र दर आठवड्याला चालते: आजाऱ्यांच्या भेटी, विधवांना मदत, मुलांचे शिक्षण यांपैकी काहीही आपल्या भावनेच्या भरतीसाठी थांबत नाही.

यावरचा उपाय पौलाने पहिल्या पत्रातच (१६:२) सांगितला होता. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर वर्गणीची धावपळ होणार नाही. म्हणून मिळकत हाती येताच, इतर खर्चांच्या आधी, अर्पणाचा वाटा वेगळा काढावा. महिनाअखेरीस उरेल ते देऊ, असे ठरवणाऱ्याकडे बहुधा काहीच उरत नाही. एखादा महिना चुकला तर अपराधी वाटून सगळेच सोडून देऊ नये. झेपेल अशा लहान वाट्याने पुन्हा सुरुवात करावी, कारण माणसाजवळ जे नाही त्याचा हिशेब धरला जात नाही, हेही त्याच पत्रव्यवहारात (२ करिंथ ८:१२) लिहिलेले आहे.

दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देऊन झाला की देवाशी व्यवहार संपला, असे मानणे ही अधिक खोल चूक आहे. पुदिना, बडीशेप आणि जिरे यांचाही दशमांश देणाऱ्या परूश्यांनी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी) न्याय, दया व विश्वास सोडून दिल्याबद्दल येशूने त्यांना कठोर शब्दांत सुनावले (मत्तय २३:२३). दशमांश देऊ नका, असे मात्र तो म्हणाला नाही. आईवडिलांच्या वाट्याचे द्रव्य ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिले असे सांगून त्यांची जबाबदारी टाळणाऱ्यांनाही त्याने दोष दिला (मार्क ७). त्यामुळे घरातील वृद्धांच्या औषधांचे पैसे थकवून मंडळीत मोठे अर्पण देणाऱ्याने आधी घराकडे पाहावे.

दशमांश आणा आणि मी आशीर्वाद ओततो की नाही ते पाहा, असे सांगणाऱ्या मलाखी ३:१० या वचनाचा आधार घेऊन, जास्त दिले तर देव जास्त परत देईल, असा हिशेब मांडणारेही आहेत. मला हे फार दुःखदायक वाटते, कारण मंदिराच्या भांडारासमोर दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकणाऱ्या गरीब विधवेला त्या बदल्यात काही मिळाल्याचे शुभवर्तमानात कुठेही सांगितलेले नाही, आणि तरीही येशूने तिचेच देणे सर्वांत मोठे ठरवले.

दिलेल्या पैशाच्या जोरावर मंडळीच्या निर्णयांत वजन मागणे अर्थातच गैर आहे. पण त्याचा अर्थ हिशेब विचारू नये असा होत नाही. आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून पौलाने ती यरुशलेमसाठीची वर्गणी आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेल्या भावांच्याही हाती सोपवली (२ करिंथ ८:१८-२१). तेव्हा अर्पण किमान दोघांनी मिळून मोजावे, लगेच वहीत नोंदवावे आणि जमाखर्च ठरावीक काळाने सर्वांपुढे वाचून दाखवावा. जिथे असे होत नाही तिथे देणे बंद करण्याआधी पाळकांशी किंवा पंचांशी समोरासमोर, नम्रपणे बोलावे.