लो-कार्ब सुरू केलंय? मग या चुका टाळा

लो-कार्ब म्हणजे पोळी, भात, साखर यांतले कार्ब्स (कर्बोदकं) कमी करायचे. पहिल्याच आठवड्यात माझं वजन अडीच किलोनं उतरलं आणि नाशिकच्या कॉलेज रोडवर भेटेल त्याला मी ते सांगत सुटलो. दुसऱ्या आठवड्यात दोनशे ग्रॅम. तिसऱ्यात काटा ढिम्म. बरेच जण इथंच नाद सोडतात, पहिल्या खेपेला मीही सोडला होता.

गोम अशी की यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरानं साठवलेल्या कार्ब्सबरोबर) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. कार्ब्स कमी केले की आधी हा साठा आणि त्यातलं पाणी जातं. म्हणजे ते अडीच किलो बरंचसं पाणीच होतं. चरबी पुढे सावकाश उतरते. आठवड्याला अर्धा किलो गेलं तरी उत्तम. म्हणून रोज काट्यावर चढू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी रिकाम्या पोटी. आणि शिंप्याची टेप घेऊन बेंबीजवळ कंबर मोजा. काटा हलत नव्हता तेव्हाच माझा पट्टा एक भोक आत गेला होता.

पाण्याबरोबर मीठही जातं. डोकं धरतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि आपण म्हणतो, हे डाएट मानवत नाही. मीठ घातलेलं पातळ ताक घेऊन बघा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डोस ठरवून घेतल्याशिवाय सुरुवातच करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

दुसरी चूक घरोघरची: पोळी बंद, भाकरी सुरू. भाकरी चांगलीच, पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. दोनाची एक केली तरच फरक पडेल. उपवासाची तर एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गुळाचा चहाही साखरेच्याच रांगेतला.

शाकाहारी घरात पोळी-भात काढला की ताटात उरते काकडी. मग संध्याकाळी सहाला शेंगदाण्यांच्या डब्यात हात जातो, आणि १०० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरी. दुपारच्या जेवणातच पनीर, घट्ट दही, चालत असतील तर अंडी घ्या.

फेब्रुवारीत निफाडहून पाहुण्यांची द्राक्षांची पेटी येते. टीव्हीसमोर अर्धा किलो कधी संपतात कळत नाही, आणि त्यात ८० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. वाटीत मोजून घ्या, पेटी आत ठेवा.

राहता राहिली रविवारची मिसळ. ती सोडायला लावणारं डाएट नाशिकमध्ये टिकायचं नाही. नुसते पाव सोडून भागत नाही. बेसनाची शेव, पापड, वर जिलबी असतेच. मी सांगतो: मटकी जास्त, फरसाण वेगळं, दही द्या, पाव नको. मटकीतही कार्ब्स आहेत, पण सोबत प्रोटीन आणि फायबर आहे. त्या सकाळी तोल गेलाच तर दुपारचं जेवण नेहमीसारखंच ठेवा. 'आजचा दिवस गेलाच' म्हणत मी एकदा मंगळवारपर्यंत खात राहिलो होतो. पाव नको म्हटलं तरी वाढपी दोन आणून ठेवतोच. ते मी लगेच समोरच्याच्या ताटात सरकवतो.