वैमानिकाच्या नोकरीसाठी ताजे उड्डाणतास कसे राखावेत

धुळे, शिरपूर किंवा जळगावच्या धावपट्टीवरून प्रशिक्षण पूर्ण करून घरी परतलेल्या मुलाला किंवा मुलीला गावात सगळे एकच प्रश्न विचारतात: "किती तास झाले?" दोनशे झाले, असे उत्तर ऐकले की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो, कारण त्या दोनशे तासांसाठी कुणी वावर विकलेले असते, तर कुणी घर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढलेले असते. विमान कंपनीच्या अर्जात मात्र एकूण तासांच्या खाली आणखी काही रकाने असतात: गेल्या बारा महिन्यांतील तास, गेल्या सहा महिन्यांतील तास आणि शेवटच्या उड्डाणाची तारीख. हे रकाने जवळजवळ रिकामे राहिल्यामुळे चांगला हात असलेली मुले निवडीच्या पहिल्याच टप्प्यावर मागे पडताना मी पाहिली आहेत. ते रकाने भरलेले कसे ठेवायचे आणि रिकामे राहिलेच तर काय करायचे, हे येथे सविस्तर सांगत आहे.

प्रथम नियम समजून घ्यावेत. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातील १०० तास पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून, म्हणजे विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे असताना केलेले असावे लागतात, आणि त्यांपैकी किमान १५ तास अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांत झालेले असावे लागतात. कौशल्य चाचण्याही त्याच सहा महिन्यांत बसाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमान कंपनीतील वैमानिकाने आधीच्या ९० दिवसांत त्याच प्रकारच्या विमानावर किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावर, किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली नसतील, तर कंपनी त्याला टेकऑफ-लँडिंगच्या वेळी नियंत्रणावर बसवू शकत नाही. म्हणजे ताजेपणाची अट परवाना मिळण्याआधीही आहे आणि नोकरी लागल्यानंतरही आहे. मधला काळ, म्हणजे परवाना हातात आहे पण नोकरी नाही असा काळ, हाच खरा निसरडा भाग आहे, कारण त्या काळात महिन्याला इतके तास उडवलेच पाहिजे असे सांगणारे कुणी नसते.

खान्देशात या सहा महिन्यांच्या हिशोबाला हवामानाची जोड द्यावी लागते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याचे दोनशे तास २० मार्चला पूर्ण झाले आणि एखाद्या विषयाचा निकाल किंवा एखादा कागद अडकल्यामुळे त्याचा परवान्याचा अर्ज १ ऑक्टोबरला गेला. सहा महिन्यांची खिडकी १ एप्रिलपासून उघडते, म्हणून त्याचा एकही तास तिच्यात बसत नाही. त्याला १५ तास पुन्हा उडवावे लागतात आणि चाचण्याही पुन्हा द्याव्या लागतात. त्यातही एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे लहान विमानाला टेकऑफसाठी धावपट्टी जास्त लागते आणि चढण्याचा वेग कमी मिळतो. दुपारी काळ्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत विमानाला इतके हेलकावे देतात की अचूक उंची राखण्याचा सराव जवळजवळ अशक्य होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सातपुड्याच्या बाजूने खाली येणारे ढग आणि पाऊस अनेक दिवस वाया घालवतात. म्हणून शेवटचे पंधरा-वीस तास आणि चाचण्या शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात ठेवाव्यात, आणि लेखी परीक्षा त्याआधीच संपवाव्यात. उन्हाळ्यात उडवावे लागलेच, तर उजाडताच पहिली फेरी मागून घ्यावी. नऊ-साडेनऊनंतरच्या तासात पैसा पूर्ण जातो आणि सराव अर्धाच होतो.

परदेशात प्रशिक्षण घेऊन येणाऱ्यांना हा हिशोब आणखी जाचतो. तिकडे तास झपाट्याने पूर्ण होतात, पण भारतात परतल्यावर परवाना रूपांतरासाठीच्या परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रे यांत महिने जातात, आणि तोवर तिकडचे तास शिळे होत जातात. परीक्षांचा अभ्यास जाण्याआधी किंवा तिकडे असतानाच सुरू केला, तर हा खर्च बऱ्याच अंशी टळतो.

कंपनी ताजेपणाला एवढे महत्त्व का देते, हे समजले की सराव कसा करायचा तेही आपोआप कळते. हात सहसा विसरत नाही. वर्षभर न उडवलेला माणूसही चार-पाच सर्किटांत, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत, लँडिंग पुन्हा जमवतो. आधी जाते ते डोक्यातील काम: उपकरणांवरून ठरलेल्या क्रमाने नजर फिरवणे, रेडिओवर बोलताना उंचीवर लक्ष ठेवणे, पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे आहे ते आताच मनात मांडून ठेवणे. कंपनीच्या सिम्युलेटर चाचणीत नेमके हेच तपासले जाते, आणि निवड झाल्यावर ए-३२० किंवा एटीआर या प्रवासी विमानांच्या टाइप रेटिंगमध्ये, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणात, याच गोष्टींवर रोज भार पडतो. सिम्युलेटरचा प्रत्येक तास महाग असतो आणि एक उमेदवार मागे पडला तर पुढच्या तुकडीचे वेळापत्रक बिघडते. म्हणून हजारो अर्ज आलेले असताना निवड करणारा माणूस सर्वांत सोपी चाळणी लावतो, ती म्हणजे शेवटच्या उड्डाणाची तारीख. भरती जोरात असते तेव्हा ही चाळणी सैल होते आणि मंदीत ती घट्ट होते. पण ती कायमची निघून गेलेली मी कधी पाहिली नाही.

आता प्रत्यक्ष नियोजनाकडे येऊ. परवाना मिळाल्यावर नोकरी लागेपर्यंत दर महिन्याला थोडे, पण नियमाने उडवावे, असा माझा आग्रह आहे. भाड्याच्या विमानाचा तास पाच आकडी रक्कम खातो, म्हणून प्रत्येक उड्डाणाचा हेतू आधी कागदावर लिहावा. दीड महिन्यातून दोन-तीन तास मिळत असतील, तर त्यांत एक फेरी सर्किट आणि लँडिंगसाठी, एक फेरी प्रशिक्षकासोबत डोळ्यांवर हूड, म्हणजे बाहेरचे दिसू न देणारी झापड, लावून केवळ उपकरणांवर उडवण्यासाठी, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरकडे क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचे उड्डाण, अशी विभागणी मला सर्वांत उपयोगी वाटते. एकाच आठवड्यात दहा तास उडवून पुढचे पाच महिने घरी बसण्याने रकाना भरतो, पण डोके गंजते, आणि मुलाखतीत लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, उघडले की तारखांची रांग पाहणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. ज्या संस्थेत शिकलात तिथेच विमान भाड्याने मिळणे सोपे असते, कारण तिथे सीएफआय, म्हणजे मुख्य उड्डाण प्रशिक्षक, तुम्हाला ओळखतात आणि तपासणीचे उड्डाण घेऊन विमान देतात. संस्था सोडतानाच त्यांच्याशी यासंबंधी बोलून ठेवावे.

यासोबत दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात. एक म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांवर उडवण्याच्या पात्रतेची, कारण तिची चाचणी दर बारा महिन्यांनी द्यावी लागते, आणि दुसरी वर्ग-१ वैद्यकीय प्रमाणपत्राची, जे चाळिशीच्या आतल्या वैमानिकासाठी बारा महिने चालते. भरतीची जाहिरात आल्यावर यांपैकी एक जरी संपलेले निघाले, तर गेल्या सहा महिन्यांत तीस तास उडवलेले असूनही अर्ज अपूर्ण ठरू शकतो. विशेषतः मल्टी-इंजिन, म्हणजे एकाहून अधिक इंजिनांच्या, विमानावरची इन्स्ट्रुमेंट चाचणी घ्यायची असेल, तर आधी विमान मिळते का ते पाहावे. असे विमान प्रत्येक संस्थेत नसते, आणि असले तरी दुरुस्तीत महिनाभर उभे राहू शकते.

ज्यांच्याकडे महिन्याला तास विकत घेण्याएवढे पैसे उरलेले नाहीत, आणि आपल्या भागात बहुतेकांची स्थिती हीच असते, त्यांनी सहायक उड्डाण प्रशिक्षक होण्याचा विचार मनापासून करावा. त्यासाठीच्या प्रशिक्षणाचा खर्च वेगळा असतो आणि पगार सुरुवातीला मोठा नसतो, पण तास स्वतःच्या खिशातून विकत घेण्याऐवजी कामातून मिळतात, आणि ते रोजचे, ताजे असतात. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगाव होते. धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते. ही कामे घरापासून एसटीच्या अंतरावर आहेत. दुसऱ्याला शिकवताना स्वतःच्या सवयी जितक्या तपासल्या जातात तितक्या एकट्याने उडवताना तपासल्या जात नाहीत, आणि मुलाखत घेणारे जुने कॅप्टन प्रशिक्षकाच्या लॉगबुकाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

जे आधीच कंपनीत उडवत होते आणि ज्यांची कंपनीच बंद पडली, त्यांचा प्रश्न निराळा आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ पासून. आणि हजारो तास असलेले वैमानिक एका दिवसात जमिनीवर आले. अशा वैमानिकाने लहान विमानावर तास जमवण्यात पैसे घालवू नयेत, कारण नव्या कंपनीला त्याच्या टाइपवरचा, म्हणजे तो उडवत असलेल्या प्रकारच्या विमानावरचा, ताजेपणा हवा असतो. त्याने प्रवीणता तपासणीची, म्हणजे कंपनीतील वैमानिकाच्या ठरावीक काळाने होणाऱ्या कौशल्य तपासणीची, मुदत संपण्याआधी सिम्युलेटरवर ती पूर्ण करता येते का ते पाहावे. खंड जितका लांबतो तितकी परत पात्र होण्यासाठी लागणारी सत्रे वाढतात, आणि त्यांचा खर्च कोण करणार हा प्रश्न नोकरीच्या बोलणीत येतो.

खंड पडलाच असेल, तर तो लपवू नये. आजारपण, कर्जाचा हप्ता, अडकलेला निकाल, २०२० मधील टाळेबंदी, ही सगळी कारणे मुलाखत घेणाऱ्याला माहीत असतात आणि समजतात. त्याला ऐकायचे असते ते पुढचे वाक्य: खंड संपवण्यासाठी तुम्ही काय केले. "मार्च ते ऑगस्ट उडवले नाही, कारण घरी पैशाची अडचण होती, सप्टेंबरपासून प्रशिक्षकासोबत आठ तास केले, त्यांत पाच तास उपकरणांवर होते आणि चाचणी ऑक्टोबरमध्ये दिली," असे सरळ उत्तर देणाऱ्या उमेदवाराकडे त्याच्या रिकाम्या महिन्यांपेक्षा त्याच्या नियोजनाकडे पाहिले जाते.

याच ठिकाणी काही जणांना मोह होतो. न उडवलेले तास कागदावर चढवून देणारे लोक पूर्वीही होते. २०११ मध्ये देशात बनावट कागदपत्रांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या आणि डीजीसीएने परवान्यांची तपासणी हाती घेतली. लॉगबुकातील प्रत्येक नोंद संस्थेच्या उड्डाण नोंदी, विमानाच्या देखभालीच्या नोंदी आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहता येते. त्या नोंदीतील एक खोटा तास उरलेल्या दोनशे खऱ्या तासांवर संशय आणतो, आणि वावर विकून मिळवलेला परवाना त्यात जाऊ शकतो. पैसे कमी असतील तर कमी तास दाखवा, पण दाखवाल ते खरे असू द्या.

जाहिरात हातात आल्यावर सर्वांत आधी एक गोष्ट शोधावी: सहा किंवा बारा महिने कोणत्या तारखेपासून मागे मोजायचे आहेत. काही ठिकाणी ती जाहिरातीची तारीख असते, काही ठिकाणी अर्जाची अंतिम तारीख. ती तारीख कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहावी, लॉगबुक उघडून त्या तारखेपासून मागे एकेक ओळ मोजावी आणि एकूण, पीआयसी, मल्टी-इंजिन, रात्रीचे व उपकरणांवरचे तास वेगवेगळ्या रकान्यांत मांडावेत. नंतर तीच बेरीज दुसऱ्या कुणाकडून, घरातल्या शिकणाऱ्या भावाबहिणीकडून का होईना, पुन्हा करून घ्यावी. दोन-तीन तास कमी पडत असतील आणि अंतिम तारखेला दहा दिवस उरले असतील, तर त्याच संध्याकाळी सीएफआयना फोन करून पुढच्या सकाळची पहिली फेरी मागावी.