जुन्या रेसिंग गाड्यांचा इतिहास तपासण्याचं काम: या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

लिलावाच्या बातम्या वाचून गाड्यांचं वेड असलेली इंजिनीअरिंगची मुलं मला विचारतात, या क्षेत्रात शिरायचं कसं? मी इंग्लंडमध्ये जुन्या रेसिंग गाड्यांचा इतिहास तपासण्याचं काम करते. विकायला आलेली गाडी नेमकी कोणती, ती कुठे धावली, कोणाकोणाच्या हातून गेली, तिचं काय काय बदललं, हे कागदांवर आणि प्रत्यक्ष गाडीवर पडताळून बघायचं. याला आम्ही प्रॉव्हनन्स म्हणतो, आणि मोठी बोली लागते ती याच्याच भरवशावर.

२०२२ च्या मे महिन्यात मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे (बंद छताची दोन दारी गाडी) लिलावात १३.५ कोटी युरोंना गेली. तोवर कुठल्याच गाडीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. गंमत म्हणजे ही कूपे एकाही शर्यतीत उतरलेली नाही. १९५५ साली अशा दोनच बनल्या, त्याच हंगामानंतर मर्सिडीजने रेसिंग सोडलं, आणि दोन्ही कूपे कारखान्याकडेच राहिल्या. त्यामुळे तिच्या ओळखीबद्दल कोणाला शंका घ्यायला जागाच नव्हती.

बाकीच्या गाड्यांचं नशीब असं नसतं. रेसिंग गाडी म्हणजे त्या काळी कामाचं अवजार. इंजिन उडालं की दुसरं बसवायचं, बॉडी चेपली की नवी ठोकायची, हंगाम संपला की विकून टाकायची. मग साठ-सत्तर वर्षांनी 'ही तीच गाडी का?' हा प्रश्न येतो. त्यासाठी बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'चा खटला प्रत्येक नवशिक्याने मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

बेंटलीच्या स्पीड सिक्स मॉडेलची ही गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालकांत वुल्फ बर्नाटो होता. पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरच्या शर्यतीत ती ट्रॅकच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती कूपे म्हणून पुन्हा बांधली. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, पण खरेदीदाराने माघार घेतली. त्याचं म्हणणं असं, की ल मान जिंकलेल्या गाडीचं यात फारसं उरलेलंच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा हिशोब तपासला. जुने सुटे भाग खरोखरच थोडे उरले होते. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, पण तिचं अस्तित्व मध्ये कुठेही तुटलं नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही, म्हणून हीच अस्सल ओल्ड नंबर वन, असं कोर्टाने मानलं. अस्सल असणं आणि सगळे भाग मूळचे असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि आमचं रोजचं काम त्या दोहोंच्या मधल्या जागेतच चालतं.

प्रत्यक्ष काम कसं असतं? शॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नळीवर ठोकलेला नंबर बघायचा तर टॉर्च समोरून धरून उपयोग नाही. पत्र्याला जवळजवळ टेकवून, आडवी धरायची. हाताने ठोकलेले आकडे थोडे वाकडे, कमी-जास्त खोल असतात. भोवती घासल्याच्या बारीक रेषा दिसल्या, तर जुना नंबर काढून नवा ठोकलाय का, हे बघावंच लागतं. मग जुने फोटो काढायचे. रिव्हेट्सची रांग, हवेच्या झरोक्यांची संख्या, आरशाची जागा या खुणा जुळवत बसायचं. डोळे दुखतात, पण एखादी खूण जुळते तेव्हाचा आनंद वेगळाच.

म्हणूनच चकाचक रिस्टोअर केलेल्या गाडीपेक्षा न छेडलेली गाडी मला जास्त मोलाची वाटते. प्रसिद्ध रेसिंग चालक फांजिओने १९५४ ची जर्मन आणि स्विस ग्रां प्री जिंकली ती मर्सिडीज डब्ल्यू १९६ २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या लिलावात विकली गेली, तेव्हा तिच्यावर जुने ओरखडे तसेच होते. किंमत आली सुमारे १.९६ कोटी पौंड.

आकडे वाचताना हॅमर प्राइस (हातोडा पडताना लागलेली शेवटची बोली) आणि एकूण किंमत यांत गल्लत करू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत माँटेरेला फेरारी २५० जीटीओवर हातोडा पडला ४.४ कोटी डॉलरला. बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराने लिलावसंस्थेला वर द्यायची रक्कम, धरून खरेदीदाराने मोजले ४.८४ कोटी.

तयारीचं म्हणाल, तर आधी एखाद्या रिस्टोरेशन वर्कशॉपमध्ये हात काळे करा. इटालियन किंवा जर्मन वाचण्यापुरती शिका, कारखान्यांची कागदपत्रं त्याच भाषांत असतात. इंग्लंडमध्ये ब्यूलीच्या मोटर म्युझियमचं आणि अमेरिकेत फ्लोरिडातल्या रेव्ह्ज इन्स्टिट्यूटचं संग्रहालय-ग्रंथालय या कामाला फार उपयोगी आहे. तोवर घरच्या घरी सराव करता येतो. ओळखीत कोणाची जुनी फियाट किंवा जीप असेल, तर तिचं आरसी बुक, आरटीओतली नोंद, विम्याचे कागद, लग्नातले फोटो गोळा करा. पहिल्या मालकापासून आजपर्यंतचं प्रत्येक वर्ष लावा. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आपल्याकडे 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, त्यामुळे असे कागद मालकही आता शोधू लागलेत. ज्या वर्षांचा पत्ता लागत नाही, ती 'माहिती उपलब्ध नाही' असं स्पष्ट लिहून मोकळी सोडा. अर्ज कराल तेव्हा ती फाइल सोबत जोडा. माणूस निवडताना मी तरी सगळ्यात आधी ती मोकळी सोडलेली वर्षंच बघते.