दूध संपलं, गॅस संपला: 'रन आउट ऑफ' नेमकं कसं वापरायचं

बडोद्यातल्या मराठी घरात 'दूध संपलं', 'दूध खलास झालं' आणि शेजारचं गुजराती 'खूटी गयुं' ही तिन्ही एकाच सकाळी कानावर पडतात. इंग्रजीत मात्र तोंडातून येतं 'द मिल्क इज फिनिश्ड' किंवा 'गॅस इज ओव्हर'. आपसांत ते चालून जातं. परदेशी माणसाशी बोलताना किंवा मुलाखतीत 'रन आउट ऑफ' वापरावं.

आधी कर्ता ठरवा. ज्याच्याकडचं संपलं तो माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' लागतोच: 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. वस्तूच कर्ता असेल तर 'ऑफ' गळतो: 'द मिल्क हॅज रन आउट'. दोन्ही रचना एकत्र करून 'द मिल्क हॅज रन आउट ऑफ' म्हटलं की वाक्य लोंबकळत राहतं. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

रूपं रन, रॅन, रन. 'हॅव'पुढे 'रॅन' कधीच येत नाही. कालची गोष्ट असेल तर 'वी रॅन आउट ऑफ पेट्रोल नियर सयाजीबाग'. 'वी आर रनिंग आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपत आलीय, डब्याच्या तळाशी थोडी आहे. ऑर्डर देताना हा फरक महत्त्वाचा.

'द मिल्क वॉज रन आउट' हे चूकच. 'वॉज रन आउट' शोभतं ते फक्त मोतीबागच्या मैदानावर, फलंदाज धावबाद झाल्यावर.

वेळ, पैसे, कल्पना, धीर, सगळ्यांना हे चालतं. लग्नात पाहुणे वाढले तर 'वी हॅव रन आउट ऑफ चेअर्स' बरोबर आहे. खुर्च्या मांडवातच आहेत, पण द्यायला एकही उरली नाही. सिनेमा किंवा परीक्षा संपली तर मात्र 'इज ओव्हर'च म्हणा. आणि 'आय फिनिश्ड द मिल्क' म्हणजे उरलेलं दूध मीच संपवलं. दोष आपल्यावर येतो.

'ऑफ'च्या जागी चुकून 'ऑन' घालू नका. 'ही रॅन आउट ऑन हिज वाइफ' म्हणजे तो बायकोला टाकून गेला. अमेरिकेतल्या नातेवाइकांना 'वी रॅन आउट ऑफ गॅस' सांगितलंत, तर गाडीतलं पेट्रोल संपलं असंच ते समजतील. स्वयंपाकघरातलं सांगायचं असेल तर 'कुकिंग गॅस' म्हणा.