रानात निघताना हात धुवायचं पाणी वेगळं भरा

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या लहान मुलांना निसर्ग पाहायला रानात न्यायचं असेल, तर सगळ्यात आधी तोटी असलेला वीस लिटरचा कॅन भरा. हे हात धुवायचं पाणी, पिण्याचं वेगळं. मागच्या वेळी हेच राहिलं. चिखलाचे हात पिण्याच्या बाटल्यांनी धुतले आणि मग प्यायलाच काही उरलं नाही. दहा मुलं, एका खेपेला प्रत्येकी अर्धा लिटर, खेपा तीन: खाण्याआधी, शू-शी झाल्यावर, निघताना. पंधरा लिटर इथेच संपले. सॅनिटायझरवर भागेल असं समजू नका, माखलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही. साबण जाळीच्या पिशवीत घालून तोटीलाच बांधा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत मातीत लोळतो.

टोप्या, बूट, डबे पालक आणतातच. सुक्या कपड्यांचा एक जोड मात्र सांगून ठेवा. ॲलर्जी आणि चालू औषधं लेखी घ्या, तोंडी नकोत.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला पाहून या. आधी मान वर करून: वाळकी फांदी, मधमाश्यांचं पोळं. मग खाली: खाज आणणारी झुडपं, कण्हेर, गुंज. गुंजेचं लाल-काळं बी लहान मुलं हमखास उचलतात, आणि ते चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. ‘इथून पुढे जायचं नाही’ असं नुसतं सांगून चार-पाच वर्षांच्या मुलांना हद्द कळत नाही. झाडांना रंगीत फिती बांधा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. जवळ डबकं किंवा ओढा असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त तेवढंच सांभाळायचं, दुसरं काही नाही.

कॅन गाडीत ठेवलात का? भरलेला?

भिंगं तीन ते पाच पटींची, मोठ्या काचेची घ्या. दहा पटींचं भिंग डोळ्याला चिकटवून वस्तू अडीच सेंटिमीटरवर धरावी लागते. लहान हात हलतो, काही दिसत नाही आणि मूल भिंग टाकून देतं. भिंग उन्हात उघडं ठेवू नका. जुनी पांढरी चादर झुडपाखाली पसरून फांदी दोन-तीनदा हलवा: कोळी, अळ्या, ढेकूण-वर्गातले कीटक टपटप पडतात. किडा बरणीत दहा मिनिटं, तीही सावलीत, मग जिथून घेतला तिथेच सोडायचा. दगड मोठ्यांनीच उचलायचा, पलीकडची कड वर करून, म्हणजे खालचा विंचू आपल्या अंगावर न येता पलीकडे पळेल. दगड पुन्हा तसाच ठेवायचा.

घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर धाकटी-थोरली भावंडंही येतात. काम एकच द्या, मागणी वेगळी: चार वर्षांच्याने पानांचे रंग शोधावेत, सात वर्षांच्याने शिरा काढाव्यात. पालकांना आधीच बजावा, मुलाने नीट पाहण्याआधी नाव सांगून टाकायचं नाही. नाव कळलं की मूल पाहणं थांबवतं.

खाण्याआधी हात. साबणाने, वीस सेकंद. कॅनच्या पाण्याने, बाटलीच्या नाही.

मेघगर्जना ऐकू आली की गाडीत किंवा पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर नाही. प्रथमोपचार पेटी, चिमटा, शिटी. निघताना डोकी मोजा, गाडीत बसल्यावर पुन्हा मोजा. फिती सोडा, कचरा उचला.

घरी आल्यावर कॅन उलटा वाळवा आणि सामानाच्या पेटीवर ठेवा, आत नाही. पुढच्या वेळी तो हलवल्याशिवाय पेटी उघडता येऊ नये.