मॉडेलिंगमधून कपड्यांच्या व्यवसायाकडे: गोव्यातून निघणाऱ्या मुलींसाठी काही अनुभव

फोंड्यात माझे कपडे शिवण्याचे छोटे युनिट आहे आणि त्याआधीची बरीच वर्षे मी मुंबईत मॉडेलिंग केले. त्यामुळे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील अधूनमधून माझ्याकडे चौकशीला येतात. उंची पुरेल का, रंग सावळा असला तर चालेल का, पोर्टफोलिओला किती खर्च येतो, असे त्यांचे प्रश्न असतात. काम कमी व्हायला लागल्यावर पुढे काय करायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या न विचारलेल्या प्रश्नाची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी लागते आणि ती ओळखीच्या चेहऱ्यावर होत नाही. कामावर असताना आपण काय पाहिले, काय शिकलो आणि कोणते कागद जपून ठेवले, यावर ती होते.

सुरुवातीबद्दल थोडक्यात सांगते. रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण ५ फूट ८ इंच लागते. जाहिराती, कॅटलॉग आणि ऑनलाइन विक्रीच्या फोटोंसाठी ही अट बरीच सैल असते. सावळ्या रंगाची काळजी करू नये. पहिल्याच महिन्यात महागडा पोर्टफोलिओ करून घेण्याची गरज नसते. दिवसाच्या उजेडात, मेकअपशिवाय, साध्या कपड्यांत, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो आणि खरी मापे एवढे एजन्सीला पहिल्या ओळखीसाठी पुरते. खरी एजन्सी काम मिळवून देते आणि त्या मानधनातून आपले कमिशन कापून घेते. नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून त्या वयात आईवडिलांनी प्रत्येक कागद स्वतः वाचून मगच पुढे जावे. ऑडिशन बहुतेक मुंबईतच, अंधेरी-वर्सोव्याकडे असतात. मडगाव किंवा थिवीहून कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून सकाळी ताजेतवाने दिसण्याची सवय आपल्याकडच्या मुलींना करून घ्यावीच लागते.

आपल्याकडच्या मुलींची एक जमेची बाजू आवर्जून सांगावीशी वाटते. गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकात ज्यांनी लहानपणी काम केले आहे, त्यांना प्रकाशझोतात उभे राहणे, शेकडो नजरांसमोर न बिचकता चालणे आणि पडद्यामागच्या गोंधळात दोन मिनिटांत कपडे बदलणे नवे नसते. रॅम्पवर ही तालीम फार उपयोगी पडते. मुलाखतीत तिचा उल्लेख करायला कोणी संकोचू नये.

आता कराराबद्दल, कारण मॉडेलिंगमधून पैसा राहतो की जातो हे तिथेच ठरते. जाहिरातीचे मानधन केवळ एका दिवसाच्या कामाचे नसते. तुमचा फोटो कुठे, किती काळ आणि कोणत्या माध्यमांत वापरला जाणार, याचे ते मोल असते. एका शहरातल्या दुकानाच्या फलकासाठी सहा महिने वापर आणि देशभर सर्व माध्यमांत कायमचा वापर यांच्या दरांत मोठी तफावत असायला हवी, आणि मुदत संपल्यावर फोटो वापरायचा असेल तर नव्याने पैसे देण्याची अट करारात लिहिलेली असावी. दुसरी महत्त्वाची अट म्हणजे प्रतिस्पर्धी ब्रँडचे काम न करण्याची. एका साबणाच्या जाहिरातीपायी वर्षभर दुसऱ्या कोणत्याही साबणाचे काम करता येणार नसेल, तर त्या अडलेल्या वर्षाची किंमत मानधनात धरली आहे का, हे पाहावे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ग्राहक कंपनीने माझे फोटो मुदतीनंतरही वापरले. करारात मुदत स्पष्ट असल्यामुळे आणि तो माझ्या फाइलमध्ये असल्यामुळे एका पत्रावर वाढीव पैसे मिळाले.

मानधन हातात यायला दोन-तीन महिने लागणे या क्षेत्रात नेहमीचे आहे. म्हणून प्रत्येक कामाचे बिल स्वतःच्या नावाने करावे, मानधनातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्यावर दिसतो का ते तपासावे आणि दर वर्षी विवरणपत्र भरावे. पुढे बँक कर्जासाठी तुमचा चेहरा पाहत नाही, मागची तीन वर्षांची विवरणपत्रे पाहते. स्वतंत्र काम करणाऱ्या मॉडेलने केंद्र सरकारच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या उद्यम पोर्टलवर सेवा व्यवसाय म्हणून नोंदणी करून ठेवावी. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास तक्रारीची सोयही आहे. हे माहीत असलेली मुलगी वसुलीसाठी फोन करते तेव्हा तिचा आवाज वेगळा असतो.

माझ्या व्यवसायाचा खरा पाया मात्र फिटिंगच्या खोलीत घातला गेला. शोच्या आधी डिझायनर आणि कटिंग मास्टर प्रत्येक कपडा मॉडेलच्या अंगावर चढवून टाचण्या लावतात, आणि बहुतेक मुली तेवढा वेळ फोनवर घालवतात. मी मास्टरच्या हातांकडे पाहत असे. एका झग्यात हात वर केला की कमरेपासून सगळा कपडा वर ओढला जात होता. मला वाटले, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल, सैल करायला हवा. मास्टरने उलट तो काखेखाली अर्धा इंच वर घेतला आणि बाहीत थोडा घेर सोडला. मग हात डोक्यापर्यंत गेला तरी कंबर जागची हलली नाही. मुंढा जितका खाली उतरलेला, तितकी बाही अंगाला बांधलेली. हे शिवणकामातल्या जाणत्यांना ठाऊक असते, पण तो फरक स्वतःच्या खांद्यावर अनुभवण्याची संधी मॉडेलला पुन्हा पुन्हा मिळते. तिरप्या कापाचा घागरा शिवून झाल्यावर दिवसभर टांगून मगच खालची दुमड का मारतात, सुती कापड कापण्याआधी धुऊन का घेतात, अस्तर कुठे चुरगळते, या सगळ्या गोष्टी मी कामावरच शिकले. पुढे काही वर्षे मी मुंबईतल्या कपडे उत्पादकांसाठी फिट मॉडेल म्हणूनही काम केले. या कामात प्रसिद्धी अजिबात नसते, पण नमुन्याचा कपडा घालून कुठे टोचते, कुठे ओढते हे सांगण्याचे पैसे मिळतात, आणि कापड ते दुकान हा सगळा प्रवास जवळून दिसतो. ज्या मुलीला पुढे कपड्यांत पडायचे आहे, तिने हे काम मिळेल तिथे घ्यावे.

मॉडेलिंगमधून आलेल्या ज्यांचे व्यवसाय टिकले, त्यांच्याकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. सोमालियात जन्मलेल्या इमानला मेकअपच्या खुर्चीत आपल्या वर्णाचे फाउंडेशन मिळत नसे, म्हणून ती स्वतः रंग मिसळून घेई. १९९४ साली तिने काढलेली सौंदर्यप्रसाधनांची कंपनी त्या उणिवेवर उभी राहिली. अमेरिकेच्या कॅथी आयर्लंडने १९९३ साली मोज्यांपासून सुरुवात केली आणि तिथून घरगुती वस्तूंपर्यंत मजल मारली. आपला मिलिंद सोमण मॉडेल होण्याआधी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता, आणि २०१२ साली सुरू झालेल्या स्त्रियांच्या पिंकॅथॉन धावण्याच्या उपक्रमामागे ती खेळाडूची जाण होती. गोव्यात कोलवाळला राहिलेले फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स मॉडेल नव्हते, हॉटेल व्यवसायाचे शिक्षण घेऊन ओमानमध्ये नोकरी करून ते फॅशनकडे वळले होते. पण गोव्याच्या हवेला मानवणारे साधे, सुटसुटीत कपडे आणि विस्मरणात चाललेली कुणबी साडी यांकडे त्यांनी ज्या आदराने पाहिले, त्यातून माझ्यासारख्या अनेकांना आपल्या मातीतले कापड विकता येते हा विश्वास मिळाला. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली आणि २०२० साली ते गेले, तेव्हा गोव्यात कपड्यांचे काम करणाऱ्या प्रत्येकाला घरातला माणूस गेल्यासारखे वाटले.

गोव्यात कपड्यांचा व्यवसाय करताना इथली हवा आणि इथला सीझन यांचा विचार आधी करावा लागतो. पावसाळ्यात बंद कपाटातल्या सुती कपड्यांवर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत, म्हणून जूनच्या आधी जुना माल संपवावा आणि उरलेला हवा खेळती राहील अशा उंच मांडणीवर ठेवावा. आसगाव, हणजूण भागातली दुकाने नव्या ब्रँडचा माल बहुधा विकला गेल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर घेतात. दुकानाचा हिस्सा, हिशेबाची तारीख आणि खराब झालेल्या कपड्याची जबाबदारी लेखी ठरवल्याशिवाय माल उतरवू नये. रॅम्पचे नमुने उंच, सडपातळ अंगासाठी असतात, गिऱ्हाईक तसे नसते. माझे प्रत्येक नवे माप आधी युनिटमधल्या आणि शेजारच्या बायका घालून पाहतात, बसतात, वाकतात, आणि मगच कापड कापले जाते.

किंमत ठरवताना कराचा टप्पा लक्षात घ्यावा. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे २६०० रुपयांचा झगा विनाकारण गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर जातो. ब्रँडचे नाव कपड्यांच्या वर्गात, म्हणजे वर्ग २५ मध्ये, ट्रेडमार्कसाठी नोंदवावे. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला ४५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. स्वतःच्या नावानेच ब्रँड काढणार असाल, तर एजन्सीच्या जुन्या करारात त्या नावाच्या वापरावर काही बंधन आहे का, हे आधी तपासावे.

गोमंतकीय मुलींसाठी आणखी एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे आणि मुंबईचा सल्लागार ती सहसा सांगत नाही. इथल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक होते, आणि त्यात लग्नाआधी उभा केलेला व्यवसायही येतो. या कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याचे व्यवसायातले उत्पन्नसुद्धा आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. हे काहींना सोयीचे, काहींना अडचणीचे ठरते. पण लग्न नोंदवण्याआधी वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट या दोघांशी बोलावे, कारण नंतर ही व्यवस्था बदलता येत नाही.

भांडवलाबद्दल माझा आग्रह असा की शेवटच्या चांगल्या मॉडेलिंग वर्षांतच सुरुवात करावी, म्हणजे घरखर्च मानधनातून आणि कापड बचतीतून निघते. त्यापुढे मुद्रा कर्ज आहे, आणि गोव्यातील तरुणांसाठी पणजीच्या ईडीसी या सरकारी वित्त महामंडळामार्फत मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. इथले शिंपी गणेश चवथीच्या आधी घरोघरच्या कपड्यांत बुडालेले असतात आणि चवथीत गावी जातात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये दुकानात माल लागायचा असेल तर कटिंग त्याआधीच उरकावे लागते, नमुने जुलैत आणि कापड जूनमध्ये यावे लागते. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून कर्जाचा अर्ज विवरणपत्रे आणि कापडाच्या दरपत्रकांसह मार्च संपायच्या आत दिलेला बरा.